बसून पाहणारी दोसोलिना

सोमवार, १२ मार्च १९७९. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. ऑफिसातली शेगडी धूर सोडते. नळी साफ करायला माणूस सांगितला. मिलानहून आठ आरामखुर्च्या आल्या, काळ्या आणि गुबगुबीत. इंजिनीयर लहान मुलासारखे खूश. बार्बे मेनी चौथ्यांदा आले आणि चौथ्यांदा जबाब अर्धा टाकून उठून गेले. शेवटची तारीख ३१. ईस्टरआधीचा उपासाचा महिना. जेवायला बटाटे आणि खारवलेला मासा.

ही नोंद माझ्याच वहीतली. मठाच्या शाळेत सिस्टर क्लेमेंझा यांनी रोज झोपण्यापूर्वी दिवस लिहून ठेवायची सवय लावली, ती सत्तर वर्षांत सुटली नाही. नादालूत आडनावाची दोसोलिना गेल्या आठवड्यात वारली असं कळलं, तेव्हा मी १९७९ ची वही काढली. तिच्याबद्दल नुसत्या आठवणीवर लिहिणं बरं नव्हे. आठवणीत ती वाढत वाढत जाते. प्रत्यक्षात ती जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी, राखाडी एप्रन घालणारी, बोटांवर जुन्या चिरांचे व्रण असलेली बाई होती. चारचौघांत दिसली तर कोणी वळून पाहिलं नसतं.

भूकंपाला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. शहात्तरच्या मे महिन्यात पहिला, आणि लोक जरा सावरतात तोच सप्टेंबरमध्ये पुन्हा. नगरपालिकेची इमारत राहिली नव्हती. आमचं पुनर्बांधणीचं ऑफिस एका लाकडी बराकीत होतं. तिची जमीन विटांच्या ठोकळ्यांवर उचललेली, त्यामुळे राडारोड्याचा ट्रक रस्त्याने गेला की सबंध बराक थरथरायची. आम्ही सात जण होतो. प्रमुख इंजिनीयर गालियानो मोरोकुत्ती, मी हेड क्लार्क, टाइपिस्ट निवेस आणि आणखी चौघे.

घरं पडलेल्यांचे जबाब घेणं हे आमचं काम. चौदा पानांचा अर्ज. एकेक खोली घेऊन सांगायचं: भिंत दगडाची की विटांची, चूल कोणत्या बाजूला, गोठा किती गुरांचा, घरात कोण राहत होतं. ऑफिसातच, अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या देखत. दीड तास लागायचा. ३१ मार्चला दुपारी बाराच्या आत सही झाली नाही, तर ते घर ‘बेवारस’ म्हणून यादीत जाणार आणि त्या जागेवर पुन्हा बांधायचा हक्क संपणार होता. बहुतेकांच्या सह्या झाल्या होत्या. वरच्या वस्तीत बार्बे मेनी तेवढे राहिले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे गवंडी, साऱ्या गावाचे ‘बार्बे’, म्हणजे काका. मे महिन्यात त्यांची बायको, कातिने नावाची, घराखाली गाडली गेली, आणि तेव्हापासून छपराखाली ते कुठेच टिकत नसत.

तोवर आम्ही आणि येणारे लोक, सगळेच शाळेच्या बाकांवर बसायचो. इंजिनीयरना त्याची लाज वाटे. “सगळं गेलंय या माणसांचं,” ते म्हणत, “निदान माझ्या ऑफिसात तरी जहागीरदारासारखी बसू देत.” म्हणून त्यांनी कॅटलॉगमधून सगळ्यात भारी आरामखुर्च्या मागवल्या. त्यांच्या मनात माया होती, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि ती आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. आमच्या डोंगरातल्या माणसांनी आयुष्यात गादीच्या खुर्चीला पाठ लावली नव्हती. पहिल्या दिवशी आठ जण बसले आणि कोपरापर्यंत आत गेले, गुडघे छातीशी आले. तेवढ्यात ट्रक गेला. आठही जण एकदम उठायला धडपडले आणि एकालाही उठता येईना. एका आजीला मी दोन्ही हात धरून ओढून काढलं. ती माझा हात सोडायलाच तयार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आठही खुर्च्या रिकाम्या. माणसं टोप्या हातात धरून भिंतीशी उभी.

“बसा ना हो!” इंजिनीयर विनवायचे.

“बरंय उभंच, इंजिनीयरसाहेब. पँटला माती आहे.”

बार्बे मेनींनी मात्र स्पष्ट सांगितलं. “या खुर्चीतून माणूस उठतो कसा ते आधी शिकवा. मग माझ्या भिंतींचं विचारा.”

त्यांच्या पायांच्या शिरा सुजलेल्या. दीड तास उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. बाकावर बसवावं तर पाठीमागे दार. ते दर मिनिटाला मान वळवून दाराकडे बघत, आणि तिसऱ्या पानावर स्वयंपाकघर आलं की उठत. “येतो पुन्हा,” म्हणत.

आम्हा सात जणांच्या खुर्च्या मात्र खाली सपाटीवरच्या एका कारखान्याकडून येणार होत्या. मांत्सानोच्या बाजूला खुर्च्यांचीच गावं आहेत. तिथे एका घरात पाय घडतात, दुसऱ्यात पाठी, आणि अंगणात बसून बायका लव्हाळ्याच्या दोरीने बैठका विणतात. त्या कारखान्याची एक रीत होती. ऑफिसासाठी खुर्च्या हव्या असतील तर आधी त्यांचं माणूस येऊन त्या जागेत बसणार, मगच ते लाकूड कापणार.

गुरुवारी, १५ तारखेला कारखान्याच्या ट्रकमधून ते माणूस उतरलं: दोसोलिना.

“खुर्च्या कुठायत, बाई?” इंजिनीयरनी ट्रकमध्ये डोकावत विचारलं.

“खुर्च्या नंतर. आधी मी.” तिने हातातली पिशवी खाली ठेवली. “कुठे बसू?”

“बसा ना कुठेही. पण काम काय आपलं?”

“हेच. मी बसते.”

“आणि?”

“आणि काय? बसते. बत्तीस वर्षं झाली.”

निवेसने टाइपरायटरवरून मान वर केली. “अय्या, बसायचा पगार मिळतो? बाई, जागा निघाली की मला कळवा हं.”

“तुला नाही जमायचं, पोरी,” दोसोलिना म्हणाली. “मी आल्यापासून तू बसलेलीच नाहीस. तुझं अर्धंच ढुंगण बाकावर आहे, उरलेलं अर्धं बसची वाट बघतंय.”

मठात शिकलेल्या बाईने असं लिहू नये, पण ती असंच बोलली. निवेस लाल झाली आणि हसत सुटली. सव्वापाचची बस पकडायला ती खरंच दुपारपासून बाकाच्या टोकावर असायची, आणि संध्याकाळी कंबर धरून चालायची. तीन वर्षं मी तिच्या शेजारी होते. मला ते दिसलं नव्हतं.

त्या दिवशी दोसोलिना आळीपाळीने प्रत्येकाच्या जागी बसली. आधी त्या माणसाला उठवायची, बाकाच्या लाकडावरून तळहात फिरवायची, मग डोळे मिटून बसायची. बोलायची नाही. काही लिहून घ्यायची नाही. इंजिनीयरच्या जागेवरून उठली तेव्हा म्हणाली, “उजव्या कानाने कधीपासून कमी ऐकू येतं, साहेब?”

इंजिनीयरनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मला काहीच माहीत नव्हतं.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“बाकाने. डाव्या अंगाला झिजलाय. तुम्ही सारखे डावा कान पुढे करता. खुर्चीचा डावा हात जरा आखूड करू, म्हणजे कोपर अडणार नाही.”

त्यांनी ती गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, असं ते मला पुढे म्हणाले.

दुपारी शेगडीजवळ आम्ही दोघींनी पोलेंटा, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, खाल्ली, तेव्हा तिने स्वतःबद्दल जे सांगितलं ते त्या संध्याकाळच्या नोंदीत आहे. सहाव्या वर्षी आईशेजारी बसून बैठका विणायला लागली. लव्हाळं ओलं असतं तेव्हा मऊ आणि वाळलं की पातं, बोटं चिरायची. विसाव्या वर्षापर्यंत किती बैठका विणल्या याची मोजदाद नाही. मग कारखान्यात लागली. एकदा परदेशातून साठ खुर्च्या परत आल्या, ‘आरामशीर नाहीत’ एवढंच कारण लिहून. मालक, सुतार, सगळे त्यांच्याभोवती फिरत होते, मोजपट्ट्या लावत होते. ती झाडलोट करून दमली होती म्हणून त्यांतल्या एकीवर टेकली आणि म्हणाली, “ही मला पुढे ढकलतेय.” मोजलं तर मागचे पाय पुढच्यांपेक्षा दीड बोट लांब निघाले. दुसऱ्या दिवसापासून तिचा झाडू दुसऱ्या कोणाच्या हातात गेला.

“गावात चिडवत असतील,” मी म्हटलं.

“अजून चिडवतात. रस्त्यात भेटली की, ‘काय दोसोलिना, आज फार बसलीस का? दमली असशील!’ आमचे पाद्री तर म्हणाले, आळस हे पाप करून पैसे घेणारी तू पहिलीच. मी म्हटलं, फादर, तुमची माणसं रविवारी तासभर टेकतात, लोंबतात, घसरतात. बसत एकही नाही. बसता येत असतं तर तुमचं प्रवचन नसतं का ऐकलं?”

मी हसले. तिने मात्र हात झटकून बराकीकडे पाहिलं. “ते आठ काळे बैल कोणासाठी?”

मी आरामखुर्च्यांची सगळी हकीगत सांगितली आणि बार्बे मेनींचीही. ती उठली, भांड्यात पाणी घेतलं आणि एका आरामखुर्चीच्या गादीवर ठेवलं. दुसरं भांडं दाराबाहेरच्या जुन्या, लव्हाळ्याने विणलेल्या स्टुलावर. ते स्टूल पहारेकऱ्याचं. तिने ते आत आणवलं. “आता थांबा,” म्हणाली.

ट्रक यायला दहा मिनिटं लागली. आम्ही सातही जण काम सोडून त्या दोन भांड्यांभोवती उभे होतो, म्हाताऱ्या साक्षीदारांसकट. ट्रक आला, जमीन थरथरली, दोन्ही भांड्यांतलं पाणी हललं. ट्रक गेला. स्टुलावरचं पाणी दोन-तीन वर्तुळं काढून थांबलं. गादीवरचं हलतच राहिलं. मी मनात मोजत होते. वीसपर्यंत मोजलं तरी हलतच होतं.

“ट्रक गेला,” दोसोलिना म्हणाली, “पण खुर्चीला अजून कळलेलं नाही. बसलेल्याला कसं कळणार?”

इंजिनीयर पूल बांधायला शिकलेले. त्यांनी टोपी काढली आणि ती हातातच राहिली.

शुक्रवारी ती दिवसभर येणाऱ्यांच्या जागांवर बसली. शनिवारी अर्धा दिवस पुन्हा. मग इंजिनीयरना म्हणाली, “सात खुर्च्या सांगितल्यात. त्यातली एक येणाऱ्यासाठी करते.”

“आणि आमच्यातला एक?”

“एक काळा बैल घेईल. कॅटलॉगमधून निवडला त्याने घ्यावा.”

निवेसने रुमाल तोंडावर धरला.

“आणि साहेब, तुमची जागाही लागेल.”

“माझी?” आता मात्र इंजिनीयरचा आवाज चढला. “तिथे ऑफिसप्रमुख बसतो, बाई! कोपरा प्रमुखाचाच असतो. लोकांनी समोर यायचं असतं.”

“मी अडीच दिवस सगळीकडे बसले. ऑफिसातली सगळ्यात चांगली जागा तुमची. पाठीला भिंत, समोर दार, डाव्या हाताला शेगडी. ज्याला भीती वाटते त्याला ती द्या. तुम्हाला वाटते का?”

मला वाटलं, आता हे ओरडणार. इंजिनीयरनी दाराकडे पाहिलं.

“वाटते,” ते म्हणाले. “रोज.”

“मग तुम्ही दोन नंबरला,” दोसोलिना म्हणाली. “तुमचं टेबल बाजूला लावू. समोरासमोर नको, कोपऱ्याला कोपरा. पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटायला नको.”

सोमवारी १९ तारखेला सेंट जोसेफचा सण. सुतारांचा तो संत. खालच्या गावात त्या दिवशी लाकडाला कोणी हत्यार लावत नाही. “आज करवत बंद. माणूस बघून येऊ,” म्हणत ती बसने वर आली. ऑफिसची गाडी घेऊन मी तिला बार्बे मेनींच्या वस्तीवर नेलं.

अकरा घरांची वस्ती. बार्बे मेनींच्या घराचे दगड नीट रचून ठेवलेले होते, त्यांनीच, एकट्याने, लहान-मोठे वेगळे. उभा होता फक्त दाराचा दगडी उंबरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चौकटीचे हातभर उंचीचे खुंट. ते उंबऱ्यावर बसले होते. पाठीमागे घर नव्हतं, समोर सगळी दरी.

“पुन्हा कागद?” त्यांनी मला विचारलं.

“नाही बार्बे. पाहुणी आणलीय.”

दोसोलिनाने हात पुसले. “जरा सरकता? मलाही बसायचंय.”

ते तिच्याकडे बघत राहिले, मग सरकले. ती बसली. डोळे मिटले. कितीतरी वेळ दोघं तशीच. मी गाडीशी उभी होते. खाली नदीचं पाणी वाजत होतं. मग तिने एप्रनच्या खिशातून गाठी मारलेली दोरी काढली आणि उंबऱ्याची उंची जमिनीपासून मोजली. मग त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मग त्यांचा तळहात चौकटीच्या खुंटावर जिथे पडत होता, तिथपर्यंत.

“काय मोजताय?” बार्बे मेनी म्हणाले. “शवपेटी करायचीय का माझी?”

“पेटीचं माप सोपं, बार्बे. आडवा माणूस हलत नाही. माझ्या नशिबी बसणारे आले.”

“मग मापं कशाची?”

“उठायची. तुम्ही उठता कसे, दाखवा बघू.”

ते उठले. टाचा मागे उंबऱ्याखाली ओढल्या, दोन्ही तळहात दोन्ही खुंटांवर ठेवले, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा, सुजलेल्या पायांचा माणूस एका दमात उभा राहिला. मी त्यांना ऑफिसात प्रत्येक वेळी धडपडतानाच पाहिलं होतं.

“पुन्हा,” दोसोलिना म्हणाली.

ते पुन्हा बसले आणि उठले. “नाचायला लावता की काय?”

“पुन्हा एकदा. हं. बास.” तिने दोरीला तीन नव्या गाठी मारल्या आणि दोरी खिशात टाकली. परतताना गाडीत म्हणाली, “चांगली खुर्ची आहे त्यांच्याकडे. तीच करायची.”

खुर्च्या शुक्रवारी, ३० तारखेला आल्या. सहा आमच्या, प्रत्येकाच्या अंगाला शिवलेल्या कपड्यासारख्या. निवेसची अशी की टोकावर बसताच येईना. ती मागे टेकली आणि “अगं बाई,” म्हणाली, एवढंच. सातवी खुर्ची पाहून मात्र इंजिनीयरना फार बरं वाटलं नसावं. साधं बीचचं लाकूड, लव्हाळ्याची बैठक, बाजेसारखी घट्ट ताणलेली. ही बैठक दोसोलिनाने स्वतः विणली होती. बोटांवर ताज्या चिरा होत्या. नेहमीच्या खुर्चीपेक्षा दोन बोटं उंच. पुढच्या पायांमध्ये आडवी दांडी नव्हती, म्हणजे टाचा मागे ओढता याव्यात. हात लांब, बैठकीच्याही पुढे आलेले, आणि टोकाला दगडाच्या खुंटासारखे रुंद. ती खुर्ची इंजिनीयरच्या कोपऱ्यात ठेवली. इंजिनीयर स्वतः काळ्या आरामखुर्चीत बसले, आणि त्यांचे गुडघे टेबलापेक्षा वर आले.

त्या रात्री दोसोलिना माझ्याकडे राहिली.

शनिवारी सकाळी दहा वाजेपर्यंत बार्बे मेनी आले नाहीत. इंजिनीयर तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. निवेसने अर्ज टाइपरायटरला लावून ठेवला होता. दोसोलिना शेगडीजवळच्या बाकावर बसून होती आणि घड्याळाकडे बघत नव्हती.

सव्वादहाला ते दारात उभे राहिले. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे त्यांची नजर गेली. जवळ आले, खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे ठेवून पाहिले, वळले आणि बसले. टाचा मागे ओढल्या आणि उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसल्यावर त्यांनी दोसोलिनाकडे पाहिलं.

“उठता येतंय,” ते म्हणाले.

“येणारच.”

“हं. विचारा मग.”

पहिलं पान, दुसरं. मी विचारत होते, निवेस टाइप करत होती. तिसऱ्या पानावर स्वयंपाकघर. त्यांनी सांगितलं: चूल मधोमध, वर काळी पडलेली तुळई, खिडकी पूर्वेला, खिडकीत कातिनेची तुळशीसारख्या वासाच्या रोपाची कुंडी. कुंडी अर्जात येत नव्हती. इंजिनीयरनी खूण केली, निवेसने टाइप केली. सहाव्या पानावर ट्रक आला.

आधी काच वाजली, मग जमीन थरथरली. बार्बे मेनींचे हात खुर्चीच्या टोकांवर आवळले आणि ते अर्धे उठले. टाइपरायटर थांबला. समोर दार होतं, उघडं; त्यातून रस्ता आणि रस्त्यापलीकडचं शेत दिसत होतं. ते तसेच, अर्धे उठलेले. बसा, असं कोणी म्हटलं नाही. दोसोलिनाने आम्हाला तेवढं एकच बजावलं होतं, ‘बसा म्हणायचं नाही.’ ट्रक गेला. खुर्ची त्याच्याबरोबरच थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि सावकाश, टेकत टेकत, खाली आले.

“गोठा,” ते म्हणाले. “गोठ्याचं विचारत होता तुम्ही. तीन गुरांचा.”

मठाच्या प्रार्थनाघरात घंटा वाजली की सगळ्यांच्या माना एकदम खाली जात. लहानपणी मला वाटे, आता छतातून काहीतरी उतरणार. त्या बराकीत मला पुन्हा तसंच वाटलं. आणि उतरलं होतं ते एवढंच: एक म्हातारा माणूस खुर्चीत परत बसला होता.

शेवटच्या पानावर प्रश्न होता, घरात कोण कोण राहत होतं.

“कातिने आणि मी. तिचं नाव वर लिहा.”

बाराला तेरा मिनिटं कमी असताना त्यांनी सही केली. नियमाने मी वेळ लिहिली. इंजिनीयरनी घाईने शिक्का मारला आणि तो वाकडा पडला. तो अजूनही त्या कागदावर वाकडाच असेल.

आम्हाला वाटलं, बार्बे मेनी आता उठतील. ते उठले नाहीत. पाठ मागे टेकली. टोपी मांडीवर ठेवली. टाचा, ज्या इतका वेळ मागे ओढलेल्या होत्या, त्या पुढे सरकल्या. पाय लांब झाले. थोड्या वेळाने हनुवटी छातीला लागली. तीन वर्षांनी छपराखाली झोपलेला माणूस. इंजिनीयरनी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. निवेसने बूट काढले आणि मोज्यांवर चालू लागली. शनिवारची तिची साडेबाराची बस गेली, तिने ती जाऊ दिली.

दोसोलिना कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती, एखाद्या खुर्चीकडे बघावं तशी, डोक्यापासून टाचेपर्यंत. मग माझ्या कानाशी हळूच म्हणाली, “बसला.”

त्र्याऐंशी साली बार्बे मेनींचं घर त्याच जागी, त्याच दगडांत उभं राहिलं, उंबरा जुनाच. खुर्ची मात्र आमच्या ऑफिसात राहिली. येणाऱ्यांत जो सगळ्यात घाबरलेला दिसेल त्याला ती द्यायची, असा रिवाजच पडला. इंजिनीयर कधीमधी सगळे गेल्यावर तिच्यात बसत, हे मी पाहिलं आहे आणि कोणाला सांगितलेलं नाही.

दोसोलिना त्यानंतर दहा वर्षं बसत राहिली. दवाखान्यांत, शाळांत, तिकीटखिडक्यांत. दिवसभर लोकांच्या चपला तेवढ्या दिसाव्यात अशा एका तळघरातल्या ऑफिसात ती चार दिवस बसली होती, आणि त्या लोकांसाठी तिने खुर्च्यांऐवजी खिडकी मागितली. तिच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सहज एका खुर्चीकडे वळले, तर म्हणाली, “ती माझ्या भावाची. तुमची खिडकीजवळची.” मी बसले. माझा डावा पाय उजव्यावर टाकायची खोड, लिहिताना डोकं कलतं करायची खोड, सगळ्याला त्या खुर्चीत जागा होती. माझं माप तिने कधी घेतलं, मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही. मी एवढंच केलं की जरा जास्त वेळ बसले.

त्या शनिवारची नोंद वहीत लांबलचक आहे. चौदा पानी अर्जाचा क्रमांक, वेळ, साक्षीदारांची नावं, सगळं. दोसोलिना सव्वातीनच्या बसने गेली. बार्बे मेनी दोन वाजता आपले आपण जागे झाले आणि “शेगडी धूर सोडते तुमची,” म्हणून चालू लागले. नोंदीची शेवटची ओळ अशी आहे:

रात्री अंडी आणि रानभाजी. मीठ संपलं, सोमवारी आणायचं.